ठणठणीत गुडघे

माझे गुडघे ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या काही महिन्यांत ते सांगून सांगून मला इतका कंटाळा आलाय, की आता कुणी विचारलं तर मी नुसता हात हलवतो. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. उन्हातान्हात मैदानावर उभा राहिलो. निवृत्त झालो तरी रोज सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतो, आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट फक्त गॅसचं सिलिंडर आणायचं असेल तेव्हाच वापरतो. तरी आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा, सरांना काय त्रास होता म्हणून. गुडघ्यांचा, असंच सांगतील.

राष्ट्रगीताचं आणि माझं नातं जुनं आहे. शाळेत "सावधान, राष्ट्रगीत शुरू कर" हा हुकूम माझ्या तोंडून सुटायचा आणि मग पाखरूसुद्धा हलायचं नाही, निदान मला तरी तसं वाटायचं. एखादं कार्टं हललंच, तर पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळची मुलं आता टक्कल पडलेली भेटतात आणि त्यावरून माझी खेचतात. सोसायटीत राहायला आलो तेव्हा झेंडावंदन आपोआपच माझ्या गळ्यात पडलं. झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या भरायच्या आणि दोरीची गाठ अशी मारायची, की एका हिसक्यात सुटली पाहिजे. नाही सुटली तर दोरी ओढणाऱ्याची सगळ्यांसमोर फजिती. पाकळ्या ओल्या राहिल्या तर कापडाला चिकटून बसतात, म्हणून मी मखमलाबादहून फुलं आणणाऱ्या बाईकडून आदल्या दिवशीच झेंडू घेतो आणि पाकळ्या पेपरवर पसरून ठेवतो. बायको म्हणते, लग्नाच्या वाढदिवसाला कधी फूल आणलं नाहीत. ते खरं आहे.

समोरच्या विंगमध्ये आमचा दुसरा फ्लॅट आहे. मुलासाठी घेतलेला, पण मुलगा पुण्यातच रमला. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो आम्ही भाड्याने दिला. भाडेकरू एक मुलगी आणि तिची आई. मुलगी मालेगावची, इंजिनिअर, ओझरच्या कारखान्यात नुकतीच लागलेली. सकाळी सातला बाहेर पडायची, संध्याकाळी थकून यायची, गेटपाशी भेटली की "नमस्ते सर" म्हणायची. मुसलमान होती. आम्हा दोघांना त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचं थोडं कौतुकही वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

आईचे गुडघे मात्र खरंच गेलेले होते. चालताना बाई डोलायची, दोन पायऱ्या चढली की थांबायची. त्या पंधरा ऑगस्टला मायलेकी झेंडावंदनाला खाली आल्या. बायकोने स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा हो अम्मी, तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?" बाईने हसून मान हलवली आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपला एका हाताने धरून उभी राहिली. भाषणं झाली, बक्षिसं झाली, राष्ट्रगीत झालं, तोवर ती तशीच. मला ते फार आवडलं होतं. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालोही, याला म्हणतात शिस्त. आता ते शब्द आठवले की मला माझाच राग येतो.

दसऱ्याच्या आसपास कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्या सोसायटीत भांडखोर माणसं नाहीतच, हा तर खरा त्रास आहे. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेला साधा, देवभोळा माणूस. माझ्या घरी शेवग्याच्या शेंगा आणून देणारा. त्याने सभेत विषय काढला तोही इतक्या मऊ आवाजात, की पहिल्यांदा मला कळलंच नाही कशाबद्दल चाललंय. "कौटुंबिक वातावरण", "सणवार", "वासाचा प्रश्न". वासाचा प्रश्न काढणाऱ्यांत निम्मे असे होते, की रविवारी त्यांच्याच खिडक्यांतून मटणाचा वास आमच्या गॅलरीत येतो. मी ते बोलून दाखवलं. लोक हसले. मग ठराव झाला, की यापुढे भाडेकरू ठेवताना कमिटीची संमती घ्यायची, आणि आहेत त्यांचा करार संपला की "विचार करायचा". विरोधात हात फक्त माझा. बायको घरी होती, नाहीतर तिचाही असता. असं ती म्हणते.

करार संपायची वाट त्या पोरीने पाहिलीच नाही. दिवाळीनंतर एका रविवारी चाव्या घेऊन आली. चहा घेतला नाही. "सर, वडाळागावात मिळालं घर. कंपनीच्या बसला थोडं लांब पडेल, पण चालेल." मी म्हणालो, "तू जाऊ नकोस, मी बघतो त्यांच्याकडे." ती म्हणाली, "सर, तुम्हाला इथेच राहायचंय." तिच्या बोलण्यात चीड नव्हती. सवय झालेल्या माणसासारखी बोलत होती. ते ऐकून मी उगाचच चाव्या मोजल्यासारखं केलं. वडाळागाव म्हणजे मुसलमान वस्ती, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बायको नंतर कितीतरी दिवस म्हणत होती, "एवढ्याशा अंतरासाठी त्या बाईने पुन्हा सगळी भांडी बांधली."

मला काय हवं होतं, ते नीट सांगतो. मायलेकींनी परत यावं अशी आशा नव्हती. मला एवढंच हवं होतं, की या लोकांनी एकदा तरी तोंडाने म्हणावं, आपलं चुकलं. भांडून ते होणार नव्हतं, कारण भांडायला समोर कुणी उभंच राहत नव्हतं. सगळे "सर, सर" करत होते. मग सव्वीस जानेवारी आली आणि मी ठरवलं, की या लोकांबरोबर एका रांगेत मी राष्ट्रगीताला उभा राहणार नाही. बाकी कशानेही त्यांना काही वाटणार नव्हतं. माझ्यासारखा माणूस राष्ट्रगीताला बसला, तर निदान विचारतील तरी, का बसला म्हणून.

बायकोला हे पटलं नव्हतं. "राग सोसायटीवर आहे ना? मग मेंटेनन्स भरू नका. झेंड्याने काय घोडं मारलंय?" मी म्हणालो, झेंड्याशी माझं काही भांडण नाही. म्हणून तर झेंडा नेहमीसारखा मीच बांधला. पाकळ्या वाळवल्या, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. दुसऱ्या कुणी बांधला असता आणि तो अडकला असता, तर ते मला सहन झालं नसतं. निषेध करायचा म्हणून काम वाईट करायचं, हे मला जमत नाही.

त्या सकाळी सगळं रीतसर झालं. चेअरमनने दोरी ओढली, गाठ सुटली, पाकळ्या त्याच्या टोपीवर पडल्या. मी हुकूम दिला. सावधान. राष्ट्रगीत शुरू कर. आणि पहिल्या ओळीला मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो.

बसलो म्हणजे कसा, तर पाय उठायला बघत होते. पोटऱ्या ताठ झाल्या होत्या. आयुष्यभराची सवय खाली दाबून ठेवायची म्हणजे काय, ते मला त्या कट्ट्यावर कळलं. मला रडू येईल असं वाटलं. समोर सगळे उभे. बसलेल्या माणसाला उभ्या माणसांचे हात दिसतात, चेहरे फारसे दिसत नाहीत. कुणाच्या मुठी आवळलेल्या, कुणाचा अंगठा पँटच्या शिवणीवर चुळबुळतोय. मला सगळ्यांनी पाहिलं होतं, पण कुणी हललं नाही. काहीही झालं तरी राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हे त्यांना मीच इतकी वर्षं शिकवलं होतं.

जयजयकार संपला आणि सगळे माझ्याकडे धावले. मी शब्द जुळवून ठेवले होते. तोंड उघडलं, तर एकीने पाण्याची बाटली तोंडाला लावली. कुणी पाठीवर हात फिरवायला लागलं. "सर, चक्कर आली का?" "चक्कर नाही हो, गुडघे असणार. या वयात होतंच." "थंडी केवढी आहे." मी म्हणालो, "मी मुद्दाम बसलो." त्यावर चेअरमन म्हणाला, "बरोबर केलंत सर, तब्येतीपुढे काय आहे?" मग जिलेबी आली आणि सगळ्यात आधी मला दिली.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. झेंडा, पाकळ्या, आणि शेवटी कट्ट्यावर बसलेला मी. खाली लिहिलं होतं, गुडघ्यांचा तीव्र त्रास असूनही आमचे सर ध्वजवंदनाला आवर्जून उपस्थित, सलाम. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी बसलो होतो निषेध म्हणून, आणि माझी देशभक्ती अजूनच वाढली होती.

असे व्हिडिओ कुठे कुठे फिरतात कोण जाणे. त्या आठवड्यात ती पोर ओझरहून येताना आमच्याकडे उतरली. पर्समधून औषधी तेलाची बाटली काढली. अम्मीने पाठवली होती. "अम्मी बोली, सर को देके आ. कोमट करून लावायचं, वरून फडकं बांधायचं. तिला या तेलानेच थोडं बरं वाटतं." मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण बायकोने बाटली घेतली, तिला जवळ घेतलं, आणि दोघी अम्मीच्या दुखण्याबद्दल बोलत बसल्या. बाटली अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. बूच काढलेलं नाही.

मग मी चेअरमनच्या घरी गेलो. बायको म्हणाली होती, एवढं आहे तर जा आणि नीट सांगून या. मी सांगितलं. गुडघे उत्तम आहेत. आपण त्या मायलेकींना घालवलं, त्याचा निषेध म्हणून बसलो. त्याने रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "सर, हे माझ्यापाशीच राहू द्या. लोक तुम्हाला मानतात." मी म्हणालो, "मला मानू नका, चुकलं म्हणा." तो म्हणाला, "चुकलं असेलही. पण आता विषय कशाला?" आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्टचं दार त्यानेच उघडलं. एवढा चांगला माणूस. त्याच्यावर ओरडायची सोयसुद्धा नव्हती. तेव्हापासून मला जो थकवा आला, तो अजून गेलेला नाही.

एक मेच्या झेंडावंदनाला खुर्ची आली. हाताची, लाल, प्लॅस्टिकची, त्यावर गादी. चेअरमनने स्वतः आणून पहिल्या रांगेच्या पुढे, सावलीत ठेवली. माझ्यासाठी. मी झेंडा बांधला, हुकूम दिला आणि त्या खुर्चीत बसलो. आता तर कुणी पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीच असल्यावर बसलेला माणूस कुणाच्या डोळ्यांत येणार? बसून बसून मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. चार ओळी. माझे गुडघे दुखत नाहीत. सोसायटीने माझ्या भाडेकरूंना धर्म बघून बाहेर काढलं, म्हणून मी राष्ट्रगीताला बसतो आणि बसत राहणार. चुकलं असं कुणी एकाने जरी म्हटलं, तरी उभा राहीन. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "शुद्धलेखन बरोबर आहे." तिच्याकडून परवानगी मिळते ती एवढीच.

मग सुरू झालं. मला वाटलं होतं, मला शिव्या पडतील. मी तयार होतो. पण मला कुणी हातसुद्धा लावला नाही. सर भोळे आहेत. सरांचे कान भरले. राष्ट्रगीताला बसायचं डोकं सरांचं नव्हे, हे कुठून आलंय ते सगळ्यांना माहीत आहे. ती मुलगी मध्ये सरांकडे येऊन गेली, मी जिन्यात पाहिली. कुठे आहे ती कामाला? ओझरला ना? तिथे असली माणसं चालतात का? कुणीतरी लिहिलं, तिथे माझ्या ओळखीचे आहेत, कानावर घालून ठेवतो.

मी पुन्हा लिहिलं, तिचा काही संबंध नाही, हे सगळं माझं आहे. त्यावर एका बाईंनी लिहिलं, सर, तुम्ही आराम करा.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज खाली होता, मागे बसचा आवाज. "सर, साहेबांनी बोलावलं होतं. काही नाही म्हणाले, फक्त विचारलं. तुमचे कुणी नातेवाईक राष्ट्रगीताचा अपमान करतात का म्हणून. मी सांगितलं, नातेवाईक नाहीत, घरमालक होते." मी म्हणालो, "मी येतो तुझ्या साहेबांकडे. मी सांगतो त्यांना." ती घाईने म्हणाली, "नको सर, प्लीज. तुम्ही आलात की अजून वाढेल. अजून मी पर्मनंट नाही." मग म्हणाली, "सर, तुम्ही आमच्यासाठी बसलात, ते मला कळतं. अम्मीलाही कळतं. पण तुम्ही बसलात तरी बिल आमच्याच नावावर फाटतं. तुम्ही उभे राहा ना सर. मेहरबानी होईल."

मेहरबानी. उभं राहणं ही माझी तिच्यावर मेहरबानी. फोन ठेवल्यावर मी बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मग राहा उभे." मी म्हणालो, म्हणजे ते जिंकले. ती म्हणाली, "जिंकू देत. त्या पोरीची नोकरी राहू दे." एवढ्या महिन्यांत कुणी इतकं सरळ काही बोललं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचं जास्त वाईट वाटलं.

या पंधरा ऑगस्टला पाऊस भुरभुरत होता. पाकळ्या नीट वाळल्या नव्हत्या, पंख्याखाली ठेवल्या तरी. खुर्ची पहिल्या रांगेपुढे होतीच, आज गादीवर प्लॅस्टिकची पिशवी घालून. मी झेंडा बांधला. लोक माझ्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. चेअरमनचा चेहरा उतरलेला. त्याच्या हातात दोरी होती, पण लक्ष माझ्या पायांकडे. त्याने दोरी ओढली, गाठ सुटली, थोड्या पाकळ्या वरच कापडाला चिकटून राहिल्या. मी हुकूम दिला. आणि उभा राहिलो.

पाय सरळ, टाचा जुळलेल्या, मुठी शिवणीवर. शरीराला ते इतकं सोपं गेलं की मला लाज वाटली. पूर्ण गीतभर मी झेंड्याला चिकटलेल्या त्या पाकळ्यांकडे बघत होतो. मागून आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. सगळे जोरात म्हणत होते, खूश होऊन.

संपल्यावर चेअरमनने माइक घेतला. त्याचे डोळे खरंच भरले होते. "सर्वांना सांगायला आनंद होतो, की आपल्या सरांचे गुडघे आता पूर्ण बरे झाले आहेत." टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडल्या. तो मला वाट काढून देत होता, हे मला कळलं. मी लिहिलेल्या त्या चार ओळी, ओझरचा तो फोन, सगळं त्या एका वाक्याखाली झाकून तो माझ्याकडे आशेने बघत होता. जिलेबीची प्लेट घेऊन एक पोरगी समोर आली. "सर, खरंच बरे झाले?" मी म्हणालो, "हो. बरे आहेत."

घरी आलो, ओले कपडे बदलले आणि त्या मुलीला फोन लावला. सुट्टी असल्याने घरीच होती. मी म्हणालो, "उभा राहिलो." ती म्हणाली, "थँक यू सर." मी विचारलं, "अम्मी कशी आहे?"

"आत्ताच आली. इथल्या शाळेत झेंडा होता, तिकडे गेली होती."

"एवढ्या पावसात? पायांचं काय?"

"सुजलेत. तेल लावतेय."

"खुर्ची नाही दिली का कुणी?"

"दिली होती सर," ती म्हणाली. "ती बसत नाही."